मत कुणी विचारलं नाही, शिक्का मात्र बसला

परवा भावकीतल्या एका दशक्रियेला गेलो होतो. आमच्या खेड तालुक्यात दशक्रिया म्हणजे निम्मा विधी आणि निम्मी सभा. प्रवचन झालं, पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणं झाली. मग घाटावर घोळका जमला आणि विषय राजकारणावर गेला. मी तोंड उघडायच्या आत चुलते म्हणाले, "ह्याला काय विचारता, हा तुतारीवाला." शेजारी मेहुणा उभा होता. तो म्हणाला, "कशाचं काय, दाजी घड्याळाचे!" सगळे हसले. मीही हसलो.

चुलत्यांच्या म्हणण्याला आधार काय, तर मी चाकणच्या तळेगाव चौकातल्या वाहतूक कोंडीवर सलग बातम्या केल्या. मेहुण्याचा आधार काय, तर एका उद्घाटनाच्या फोटोत मी नेत्याच्या मागं उभा होतो. अरे बाबांनो, कोंडीत सगळ्या पक्षांच्या गाड्या अडकतात, आणि उद्घाटनाला जाणं हे माझं काम आहे!

बरं, शिक्का मारायचा तर चिन्ह तरी एका जागी राहायला हवं. आपल्या शिरूर लोकसभेचंच बघा. २०१९ ला डॉ. अमोल कोल्हे घड्याळावर लढले आणि आढळराव पाटील धनुष्यबाणावर. २०२४ ला समोरासमोर तेच दोघं. पण घड्याळ आढळरावांकडं आणि कोल्हे तुतारीवर. म्हणजे ज्यानं दोन्ही वेळा घड्याळाचं बटण दाबलं त्यानं माणूस बदलला, आणि ज्यानं दोन्ही वेळा कोल्ह्यांना मत दिलं त्यानं चिन्ह बदललं. आता ह्यातला निष्ठावान कोण आणि फिरलेला कोण? आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात खेड-आळंदी विधानसभेला मशाल निवडून आली.

बारामती घ्या. मे २०२४ ला लोकसभेला नणंद-भावजय समोरासमोर होत्या, बारामती विधानसभा क्षेत्रानं सुप्रिया सुळेंना आघाडी दिली. नोव्हेंबरात काका-पुतण्या समोरासमोर आले, त्याच क्षेत्रानं अजितदादांना एक लाखाहून जास्त मतांनी निवडून दिलं. गावं तीच, घरं तीच. मतदार दर वेळी वेगळा विचार करतो. नेते पक्ष बदलतात ते आपण समजून घेतो. घरातल्या माणसानं मात्र दहा वर्षांपूर्वी एक वाक्य बोललं की तो कायमचा त्या पक्षाचा.

एवढं हसण्यावारी नेलं असतं. पण त्याच दिवशी चुलतभावाच्या पोराची गोष्ट कळली. पोरगा एमआयडीसीत ठेकेदाराकडं कामाला. पगारातून पीएफ कापला जात होता, पण कित्येक महिने खात्यावर जमाच नव्हता. विचारायला गेला तर कामावरून कमी केलं. ह्याला दोन महिने झाले होते. मी म्हटलं, "मला का नाही सांगितलंस रे?" मान खाली घालून म्हणाला, "घरात म्हणाले, काका त्या पार्टीचे, उगाच राजकारण होईल."

हे ऐकून पोटात कालवलं. मी त्याला एवढंच सांगितलं असतं की पीएफचं पासबुक ऑनलाइन बघ, त्याची प्रिंट काढ आणि भविष्य निर्वाह निधी कार्यालयात तक्रार टाक. ठेकेदारानं भरला नाही तर मूळ कंपनीचीही जबाबदारी येते. ह्यात कुठला पक्ष आला? माझ्यावर मारलेल्या शिक्क्याची किंमत त्या पोरानं मोजली. आता तक्रार केलीय, पण दोन महिने वाया गेले ते गेलेच.

आमच्या धंद्याचाही दोष आहे, तो नाकारत नाही. छोट्या गावातला पेपर वाढदिवसाच्या जाहिरातींवर चालतो आणि त्या आम्ही सगळ्यांच्याच छापतो. लोकांना संशय येणारच. पण घरच्यांनी तरी एकदा विचारावं की नाही?

हे सगळं रात्री तावातावानं घरी सांगत होतो. आई भाजी निवडत ऐकत होती. मधेच म्हणाली, "मला तरी कुणी कधी विचारलंय?" मी गप्प. ती म्हणाली, "तुझ्या वडिलांना शेवटपर्यंत वाटायचं, मी त्यांच्याच चिन्हावर शिक्का मारते." मी विचारलं, "मग कुणाला द्यायचीस?" म्हणाली, "ते तुला कशाला पाहिजे?"

आणि मला आठवलं. मागच्या निवडणुकीत कार्यकर्ते दारात आले, "घरात किती मतं?" म्हणाले. मी सहज सांगितलं, "सहा." आईचं मत मीच मोजून टाकलं होतं. जे चुलत्यांनी माझं केलं, तेच मी तिचं केलं.

१९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम ९४ आहे. मत कुणाला दिलं हे सांगायची सक्ती सामान्य मतदारावर कोर्टसुद्धा करू शकत नाही. आपण घाटावर उभं राहून चहाच्या एका कपावर ते परस्पर ठरवून टाकतो.

म्हणून एवढंच म्हणणं आहे. भावकीत, घरात, ग्रुपवर कुणी रस्त्याबद्दल बोललं तर रस्त्याबद्दलच बोला. पगाराचं बोललं तर पगाराचं. एखाद्याचं मत जाणून घ्यायचंच असेल तर त्याला विचारा, आणि नाही सांगितलं तर तोही त्याचा हक्क आहे. पण विचारायच्या आधी शिक्का मारू नका. उद्या अडचणीतलं आपलंच पोरगं त्या शिक्क्यामुळं आपल्याच माणसाच्या दारातून मागं फिरतं.

आणि हो, आता कुणी दारात येऊन "किती मतं" विचारलं तर मी सांगणार आहे, "माझं एक. बाकीच्यांना विचारा."