रॅली चौकात, डीपी शिवारात

14 डिसेंबरला ऊर्जा संवर्धन दिन झाला. वीज कंपनीने नेहमीप्रमाणे रॅली काढली. शाळेची पोरं, हातात फलक, चौकात रांगोळी. रांगोळीत बर्फाच्या तुकड्यावर उभं राहिलेलं पांढरं अस्वल. साहेबांनी झेंडा दाखवला, फोटो झाला, संध्याकाळी प्रेसनोट आली. मी छापली. खोटं कशाला बोलू, गेली पंधरा-वीस वर्षं मी हीच बातमी छापतोय. फक्त साहेबांचं नाव बदलतं.

त्याच आठवड्यात गावापासून सात-आठ किलोमीटरवर एका शिवारात डीपी जळाली. गव्हाचं दुसरं पाणी तोंडावर, हरभरा फुलात, आणि दुसरी डीपी बसेपर्यंत पाच दिवस गेले. मी गेलो तेव्हा लोक कंपनीला शिव्या देत होते. त्या डीपीवर बावीस मोटरी. मी सहज विचारलं, कॅपॅसिटर किती जणांनी बसवलाय? सगळे एकमेकांकडं बघायला लागले. एक आजोबा म्हणाले, "माझ्याकडं होता. मोटर भरणाऱ्यानं काढून टाकला, म्हणला उगं लोड येतो." ऑटो मात्र बाविसांपैकी अठरा जणांकडे.

आता हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पंपाची मोटर चालताना कामाला लागते त्यापेक्षा जास्त करंट ओढते. कॅपॅसिटर असला की हा वरचा करंट तो जागेवरच पुरवतो, म्हणजे तारेवरचा आणि डीपीवरचा भार कमी होतो, शेवटच्या पंपालाही व्होल्टेज बरं मिळतं. वस्तू काही शे रुपयांची. ऑटोचं उलटं. मोटर सुरू होताना काही क्षण नेहमीच्या पाच-सहा पट करंट घेते. लाइट आली की अठरा ऑटो एकदमच मोटरी सुरू करतात, आणि अठराचा भार शंभरासारखा पडतो. फ्यूज जातो नाहीतर डीपी जाते.

पण शेतकरी ऑटो हौसेनं बसवत नाही. लाइट रात्री एकला येणार असेल तर थंडीत, साप-विंचवात बटण दाबायला कोण जाईल? ज्या फीडरला सौर कृषी वाहिनी योजनेतून दिवसा वीज मिळायला लागली, तिथे ऑटोची गरजच कमी होते. तोवर "ऑटो काढा" हे एसी केबिनमधून सांगणं सोपं आहे. कॅपॅसिटरचं मात्र तसं नाही, तो आज बसवता येतो.

मग बसवत का नाहीत? कारण एकट्यानं बसवून फायदा नाही. बावीस जणांनी बसवला तर डीपी वाचते, एकानं बसवला तर त्याचे पैसे गेले. त्यात एप्रिल 2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत झाली. चांगलंच आहे. पण ज्याला बिलच भरायचं नाही त्याला "वीज वाचवा, पैसे वाचवा" कोणत्या तोंडानं सांगणार? त्याला बिल नाही, डीपी दाखवावी लागेल. हे सांगणारा माणूस कंपनीकडे आहे, तो म्हणजे लाइनमन. त्याला सगळ्या मोटरी तोंडपाठ असतात. पण त्याला रॅलीत बॅनर धरायला उभं करतात.

जनजागृतीनं काही होत नाही असं माझं म्हणणं नाही. उजाला योजना आठवा. जानेवारी 2015 ला सुरू झाली. एलईडी बल्बचा सरकारी खरेदीचा भाव 2014 मध्ये 310 रुपये होता, तो 2016 मध्ये 38 रुपयांवर आला. पुढे 9 वॅटचा बल्ब 70 रुपयांत मिळायला लागला, आणि ज्यांनी आयुष्यात एक घोषणा दिली नाही त्या बायाबापड्यांनी रांगेत उभं राहून बल्ब नेले. वस्तू स्वस्त होती, हाताशी होती, फायदा घरात दिसत होता.

आणि बल्बचं काम तिथं जवळपास संपलं, हे आपल्या पोस्टरवाल्यांच्या ध्यानात आलेलं नाही. अजून "खोलीतून जाताना दिवा बंद करा" चालू आहे. करा ना, पण 9 वॅटचा बल्ब शंभरहून जास्त तास बंद ठेवला तेव्हा कुठे एक युनिट वाचतं. साधा पंखा 75 वॅटच्या आसपास खातो, बीएलडीसी पंखा 30 च्या आसपास. दिवसाला पंधरा तास धरा, एका पंख्यामागे महिन्याला वीस युनिट. आणि घरगुती बिलात 100 युनिटच्या वरचा दर पहिल्या शंभराच्या जवळजवळ दुप्पट आहे. पंखा हजार-दीड हजारानं महाग पडतो, मान्य. पण हा हिशोब चौकातल्या रांगोळीत का नाही?

अस्वलाबद्दलही राग नाही, बिचारं. पण आपण मराठवाड्यातले लोक. परळीचं औष्णिक केंद्र 2013 ला आणि पुन्हा 2015 ला पाणी नाही म्हणून बंद ठेवावं लागलं होतं. कोळशाच्या विजेला पाणी लागतं. ज्यानं टँकरमागं घागर घेऊन धावलंय त्याला पर्यावरण समजवायला उत्तर ध्रुवावर न्यायची गरज नाही. परळीचं नाव काढा, पोरगं घरी जाऊन आजीला सांगेल.

कंपनीच्या साहेबांना एवढंच म्हणणं आहे. रॅली काढा, मी बातमी छापतो. पण जानेवारीत गव्हाची पाणी चालू असताना एक दिवस डीपीखाली सतरंजी टाका. सोबत लाइनमन, गावातला मोटर भरणारा आणि पिशवीत बावीस कॅपॅसिटर. सगळ्यांचे एकदम बसवा, पैसे तिथंच गोळा करा. तारीख कळवा, मी माझ्या पेट्रोलनं येतो. मोटर भरणाऱ्याला आधी मी भेटतो, तो माझ्या ओळखीचा आहे.