उपवास सुटलाच नाही तर?

"काय गं, किती बारीक झालीस!" आपल्या हॉस्टेलमध्ये हे वाक्य म्हणजे कॉम्प्लिमेंट. ज्या मुलीला ते ऐकायला मिळतं, ती दिवसभर हवेत असते. आता हेच गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी-मोरगाव तालुक्यातल्या एखाद्या आजीच्या तोंडून ऐका. "काहून वं पोरी, अशी सुकली? मेसमधी जेवाले नाही भेटत का?" अर्थ तोच, पण आजीच्या आवाजात काळजी आहे. तिच्या हिशेबात माणूस सुकतं ते आजारानं, नाहीतर घरातलं धान संपल्यामुळे. रोवणीच्या दिवसांत जिने बांधीतल्या चिखलात वाकून कंबर मोडून घेतली, तिला हाडं दिसण्यात कसलं सौंदर्य दिसणार?

माझं आजोळ प्रतापगडच्या बाजूला आहे, त्यामुळे या दोन्ही भाषा माझ्या कानावर पडतात. मला विचाराल तर आजीची भाषा जास्त शहाणी आहे. पण ती टिकेल का, हा प्रश्न आहे.

फिजी या बेटांच्या देशातही अंगानं भरलेली व्यक्ती म्हणजे खात्यापित्या घरची, असं पिढ्यान्‌पिढ्या मानायचे. कुणी वाळलं तर लोक चौकशी करायचे. तिथल्या नाड्रोगा भागात १९९५ साली टीव्ही आला. हार्वर्डच्या डॉ. अ‍ॅन बेकर यांनी तेव्हा आणि पुन्हा १९९८ साली तिथल्या शाळकरी मुलींची पाहणी केली. वजन कमी करण्यासाठी मुद्दाम उलटी काढणारी मुलगी पहिल्या पाहणीत एकही नव्हती. दुसऱ्या पाहणीत अशा मुली ११.३ टक्के निघाल्या. आपण जाड आहोत असं कधी ना कधी वाटणाऱ्या तर ७४ टक्के! अवघ्या तीन वर्षांत आज्यांची भाषा मागे पडली. आणि तो साधा टीव्ही होता, दोस्तांनो. आपल्या तर उशाशीच मोबाईल असतो, त्यात कंबर बारीक आणि रंग उजळ करून देणारे फिल्टरसुद्धा.

डाएटिंग करणाऱ्या प्रत्येकीला अ‍ॅनोरेक्सिया होतो, असं माझं म्हणणं नाही. त्यात आनुवंशिकता असते, स्वभाव असतो, घरचे-बाहेरचे ताण असतात. पण तो एक खराखुरा आजार आहे, श्रीमंत मुलींचं फॅड नाही. लंडनच्या डॉ. विल्यम गल यांनी १८७३ सालीच त्याला 'अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा' हे नाव दिलं होतं. वजन वाढण्याची भीती इतकी बसते की माणूस खाणंच तोडत जातं. काटा घसरत असतो आणि आरशात मात्र जाड शरीर दिसतं. मानसिक आजारांमध्ये सर्वात जीवघेण्या आजारांत याची गणना होते. ब्राझीलची मॉडेल आना कारोलिना रेस्टोन नोव्हेंबर २००६ मध्ये याच आजाराने गेली. वय होतं २१. म्हणजे आपल्याच वयाची.

"एवढं काय, मनावर घेतलं तर खाता येईल की!" असं म्हणणारे खूप भेटतात. त्यांच्यासाठी एक प्रयोग सांगते. दुसरं महायुद्ध संपत आलं होतं. उपासमारीतून वाचलेल्या लोकांना परत खातंपितं कसं करायचं, हे शोधायला मिनेसोटा विद्यापीठात डॉ. अ‍ॅन्सेल कीज यांनी १९४४-४५ मध्ये ३६ तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. सगळे धडधाकट, सगळे स्वखुशीने आलेले. काय झालं? हे तरुण चिडचिडे झाले, उदास झाले, एकलकोंडे झाले. डोक्यात सारखा जेवणाचाच विचार. काही जण तर चक्क पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले! म्हणजे मुळात ठणठणीत असलेलं मनसुद्धा उपाशी ठेवलं की बिघडतं. मग 'मनावर घे' सांगून काय उपयोग? ज्या मनावर घ्यायचं, तेच मन उपाशी आहे ना!

आता आपल्याकडची एक अडचण. प्रतापगडला महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते. डोंगरावर महादेव आणि तिथेच ख्वाजा उस्मान गनी हारूनी यांचा दर्गा. कितीतरी माणसं त्या दिवशी उपास धरून डोंगर चढतात. फराळाला साबुदाणा, आमच्याकडच्या तलावांतले शिंगाडे. आणि दुसऱ्या दिवशी पारणं. हे पारणं मला फार महत्त्वाचं वाटतं. आपला उपवास तिथी बघून धरायचा असतो आणि तिथी बघून सोडायचा असतो, तोही चारचौघांबरोबर. मराठीत उपवास 'सुटतो' म्हणतात ते किती बरोबर आहे! अ‍ॅनोरेक्सियाच्या उपवासाला मात्र पारणंच नाही. तो सुटत नाही.

पण बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. माझ्या ओळखीतली एक मुलगी आधी फक्त सोमवार धरायची. मग गुरुवार आला, मग शनिवार, चतुर्थी आणखी वेगळी. मेसमध्ये तिचं कौतुक व्हायचं, "बघा, आजच्या काळात किती श्रद्धा!" तिची रूममेट मात्र हुशार निघाली. तिने पाहिलं की फराळाचा डबासुद्धा भरलेला परत जातो, एप्रिलच्या उन्हातही बाईसाहेब स्वेटरमध्ये असतात, केस मुठीने गळतात आणि पाळी कित्येक महिने आलेली नाही. रूममेट गप्प बसली नाही म्हणून गोष्ट घरच्यांपर्यंत आणि डॉक्टरपर्यंत गेली. आपल्याकडे देवाचं नाव घेतलं की कुणी पुढे विचारत नाही. हा आजार नेमका त्याच आडोशाला लपतो. माझा आक्षेप उपवासाला नाही, आपल्या न विचारण्याला आहे.

आणि ही सौंदर्याची मापं ठरवतं तरी कोण? राजा रवि वर्मांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि त्यांच्या चित्रांतल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरच्या भिंतीवर आल्या. गोल चेहरा, भरदार दंड. आज त्या हॉस्टेलला राहायला आल्या तर पहिल्याच आठवड्यात कुणीतरी त्यांना जिम जॉईन करायला सांगेल! २००८ मध्ये 'टशन' सिनेमाच्या वेळी करीना कपूरची 'साईज झिरो' गाजली. तिच्या आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर आपल्या मराठी. त्या तर भात खा, तूप खा, घरचं खा असंच सांगत आल्या आहेत. आपण झिरो लक्षात ठेवला आणि तूप विसरलो. १९७५ मध्ये बाजारात आलेली 'फेअर अँड लव्हली' २०२० मध्ये 'ग्लो अँड लव्हली' झाली. ट्यूबवरचं नाव बदललं, पण स्थळाच्या जाहिरातीतलं 'गोरी, सडपातळ' कुठे बदललं?

आपण इंजिनीअरिंगवाले, आकड्यावर लगेच विश्वास ठेवतो. म्हणून बीएमआयबद्दल दोन शब्द. किलोमधलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. हे गुणोत्तर बेल्जियमच्या अडोल्फ केतले यांनी १८३२ साली मांडलं. ते संख्याशास्त्रज्ञ, त्यांना 'सरासरी माणूस' शोधायचा होता. त्याला बीएमआय हे नाव दिलं ते वर सांगितलेल्या कीज यांनीच, १९७२ मध्ये. मोठ्या समूहाच्या अभ्यासाला हा आकडा चांगला आहे. पण एकट्या माणसाच्या अंगात हाड किती, स्नायू किती, रक्त किती, हे त्याला कळत नाही. मग त्याची किंमत किती, हे तर लांबच राहिलं! यंत्र कशासाठी बनवलंय हे न बघता रीडिंग घेतलं तर व्हायवात आपले मार्क जातात. इथे तर मार्कांपेक्षा मोठं काहीतरी जातं.

मुलग्यांनी हसू नये. 'काडी पहिलवान' आणि 'ढोल्या' ही नावं बॉईज हॉस्टेलमध्येच जास्त चालतात. दंड फुगवायला कुणाचाही सल्ला न घेता पावडरी खाणं, एक दिवस जिम चुकला तर जेवण टाळणं, हाही त्याच रोगाचा चुलतभाऊ. फक्त मुलगे सांगत नाहीत.

मला सगळ्यात जास्त राग कशाचा येतो सांगू? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या साधारण पाच बायकांमागे एक कमी वजनाची आढळली आणि निम्म्याहून जास्त जणींच्या अंगात रक्त कमी. ज्या राज्यात इतक्या जणींना अंगाला लागेल असं खायला मिळत नाही, तिथे समोर वाढलेलं ताट सरकवणाऱ्या मुलीला आपण 'कंट्रोल'चं सर्टिफिकेट देतो! एकीला अन्न मिळत नाही, दुसरीला ते घशाखाली उतरत नाही. दोघीही उपाशीच. मग एकीची दया आणि दुसरीची वाहवा कशासाठी?

आपल्या हातात काय आहे? पहिलं म्हणजे वजनावरच्या कॉमेंट्स बंद. 'जाडी'सुद्धा नको आणि 'बारीक झालीस, मस्त!'सुद्धा नको. दुसरं, लक्ष ठेवा. सारखी थंडी वाजणं, चक्कर येणं, केस गळणं, पाळी बंद होणं, सैल कपडे, 'मी आत्ताच खाल्लं' हे रोजचं उत्तर, जेवण झाल्या झाल्या बाथरूमला जाणं. यातलं बरंच काही एकत्र दिसलं तर तिच्याशी एकटीशी, शांतपणे बोला. घास भरवायची जबरदस्ती नको, टोमणे नकोत. मग वॉर्डन मॅडम, डॉक्टर, घरचे, ज्यांच्यापर्यंत पोहोचता येईल त्यांना सांगा. ही चहाडी नाही. सरकारची टेली-मानस हेल्पलाईन आहे, नंबर १४४१६, फोन फुकट. उपचाराने हा आजार बरा होऊ शकतो आणि जितकं लवकर तितकं चांगलं. स्टाफमधल्या सर-मॅडमनाही विनंती, लॅबमध्ये मुलगी चक्कर येऊन पडली तर 'सकाळी नाश्ता केला नसेल' म्हणून सोडून देऊ नका. का केला नाही, हेही विचारा.

उपवास एकट्याने धरता येतो, पण पारण्याला सोबत लागते. आज रात्री मेसमध्ये आपल्या टेबलावरची कुठली खुर्ची बरेच दिवस रिकामी आहे, तेवढं बघा. आणि तिच्या खोलीचं दार वाजवा.