अठ्ठेचाळीस पैसे रोज

१ फेब्रुवारीला आमच्या शाखेत काउंटरपुढे कितीही रांग असली तरी आमचे कान दिल्लीकडे लागलेले असतात. कॅशियर नोटा मोजता मोजता मध्येच "स्लॅब बदलला का हो?" म्हणून विचारतो आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागतो. गिऱ्हाईक काय म्हणतं ते इथे छापण्यासारखं नाही.

२०१८ साली असेच बसलो होतो. अर्थमंत्र्यांनी आधी आमची पाठ थोपटली. १ कोटी ८९ लाख पगारदारांनी सरासरी ७६,३०६ रुपये कर भरला आणि जवळपास तेवढ्याच धंदेवाल्यांनी व व्यावसायिकांनी सरासरी २५,७५३, हे आकडे खुद्द त्यांनीच वाचून दाखवले. म्हणजे आम्ही जवळजवळ तिप्पट! आता यात आमच्या सचोटीचं फार कौतुक नको. कर कापूनच पगार हातात पडतो. लबाडी करायला सवड आहे कुणाला? तर या गुणी बाळांना बक्षीस म्हणून ४०,००० रुपयांची प्रमाणित वजावट जाहीर झाली.

संध्याकाळी घरी गेलो तर चक्क कांदाभजी!

"चाळीस हजार मिळणार म्हणे," सौ. म्हणाली. "मग यंदा आईंची कवळी करून टाकू. बघा, त्यांना भजीसुद्धा चावत नाहीत."

आई कोपऱ्यात बसून भजी चहात बुडवत होती. माझा घास तोंडातच राहिला. वजावट म्हणजे हातात पडणारे पैसे नव्हेत, हे बी.कॉम. झालेल्या माणसाने भजी खाता खाता बायकोला कसं सांगावं?

शेवटी स्लिपच्या पाठीवर हिशेब मांडला. चाळीस हजार आले, पण त्याबदली प्रवासभत्त्याची वर्षाची १९,२०० ची सूट गेली आणि औषधपाण्याच्या बिलांवरची १५,००० ची गेली. (आईच्या औषधांची बिलं आम्ही श्रीखंडाच्या डब्यात जपून ठेवायचो. तो डबा त्या दिवशी रिकामा झाला.) उरले ५,८००. त्यावर पाच टक्क्यांनी कर वाचला २९० रुपये. तेवढ्यात तीन टक्क्यांचा सेस चार टक्के झालेला. माझ्या पाच लाखांच्या करपात्र उत्पन्नावर सगळी वजाबाकी होऊन वर्षाला वाचले १७७ रुपये. रोजचे अठ्ठेचाळीस पैसे. आठ आण्यांना दोन पैसे कमीच!

पेन्शनरांना भत्ता नव्हता, त्यामुळे त्यांच्या पदरात पूर्ण चाळीस हजारांची वजावट पडली, हे कबूल. आमच्या अण्णांच्या मात्र नाही पडली. त्यांचं पेन्शनच करपात्र नव्हतं.

माझी तक्रार रकमेबद्दल नाही. आम्ही गिऱ्हाइकाच्या पासबुकात 'जमा' आणि 'नावे' एकाच मापाच्या अक्षरात लिहितो. इथे 'जमा' तेवढी ढोल वाजवून आणि 'नावे' वाक्याच्या शेपटाला! असं पासबुक मी भरलं असतं तर दुसऱ्या दिवशी हातात मेमो पडला असता.

बरं, उरलीसुरली सवलत तरी सुखाने भोगू द्यावी! बँकेतल्या माणसाला घरासाठी थोड्या कमी व्याजाने कर्ज मिळतं. नियम असा की, स्टेट बँकेच्या दरापेक्षा जेवढं व्याज कमी भरलंत, तेवढी रक्कम तुमचं उत्पन्न धरायची. मे २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हा नियम उचलून धरला. कायद्याने ते बरोबरच असेल, पण जे पैसे मी कधी पाहिलेही नाहीत त्यांच्यावर कर भरताना हात जड होतो हो!

२०२५ च्या बजेटात नव्या पद्धतीत पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत कर राहिला नाही. खरोखरच दिलं, आम्ही बाकं वाजवली. फक्त मी आधी स्लिपच्या पाठीवर दोनदा हिशेब करून पाहिला. एकदा तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो.

कवळी २०१८ सालीच झाली. स्टाफ सोसायटीचं कर्ज काढलं. आई हल्ली बजेटच्या दिवशी भजी कुरकुरीत मागते.