मराठी विज्ञानकथा आणि चोराचे नायकत्व

मराठी विज्ञानकथेच्या समीक्षेत ‘विज्ञान अचूक आहे काय’ हा प्रश्न ज्या आस्थेने विचारला जातो, त्या आस्थेने ‘हे विज्ञान कोणाच्या वाट्याला येते’ हा प्रश्न विचारला जात नाही. मराठी विज्ञान परिषदेच्या 1974 सालच्या स्पर्धेत जयंत नारळीकरांनी टोपणनावाने पाठविलेल्या ‘कृष्णविवर’ या कथेला पारितोषिक मिळाले आणि या प्रकाराची प्रतिष्ठा वाढली, हे निर्विवाद. परंतु विज्ञानप्रसार हा परिषदेचा रास्त हेतू समीक्षेने वाङ्मयीन निकष म्हणून उचलला, आणि तेथेच घोटाळा झाला. समजावून देणारा आणि समजून घेणारा एवढ्याच भूमिका कथेला मानवू लागल्या. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’मध्ये वेगळ्या इतिहासात जाऊन पोहोचणारा नायकही अखेर इतिहासाचा प्राध्यापकच! भुरटा चोर आलाच, तर शोधाचा गैरवापर दाखविण्यापुरता.

हा या वाङ्मयप्रकाराचा स्वभावच आहे, असा बचाव केला जातो. तो टिकत नाही. स्त्रुगात्स्की बंधूंच्या ‘रोडसाइड पिकनिक’ (1972) या रशियन कादंबरीचा नायक रेडरिक हा परग्रहवासी येऊन गेलेल्या निषिद्ध टापूतून वस्तू चोरून विकणारा आहे. त्या वस्तू काय आहेत हे शास्त्रज्ञांनाही नीटसे ठाऊक नाही. पाऊल कोठे टाकू नये हे मात्र त्याला ठाऊक आहे, कारण तो पुढे लोखंडी नट फेकून वाट चाचपतो. या धंद्याची किंमत त्याची मुलगी हळूहळू माणूसपण गमावून चुकविते. येथे विज्ञान समजावून दिले जात नाही, भोगले जाते.

असा टापू परभणी जिल्ह्यात कल्पिणे कठीण नाही. जिल्हा कापसाचा, कृषी विद्यापीठही येथेच, 1972पासून. तणनाशकाला दाद न देणाऱ्या जनुकबदल कापसाला केंद्राची मान्यता नसताना 2019 साली अकोला जिल्ह्यात शेतकऱ्यांनी तो जाहीरपणे पेरला. हेच बियाणे चोरून विकले जाते तेव्हा त्याला ‘चोर बीटी’ म्हणतात. जनुक म्हणजे काय हे न कळणारा, बिनपावतीची पिशवी रात्री पोहोचविणारा एखादा भुरटा आणि उगवण फसली तर पावतीअभावी दाद मागू न शकणारा शेतकरी: विज्ञानकथेला आणखी काय हवे?

यावर एक आक्षेप गंभीर आहे. ब्रिटिश हिंदुस्थानात 1871च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविल्या. मग चोराला नायक करणे म्हणजे तोच डाग गिरविणे नव्हे काय? लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’ला (1987) साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हा समीक्षेने त्यातील सामाजिक दाहकतेचा गौरव केला. पण त्याच समीक्षेने कामाची वाटणीही करून टाकली: चोराचे आत्मकथन, प्राध्यापकाची विज्ञानकथा. चोराला भूतकाळच तेवढा दिला गेला. डाग जर कोठे गिरविला जात असेल, तर या वाटणीत. पिशवी पोहोचविणाऱ्याला जात देण्याची गरजच नाही. त्याला गुन्हेगार करणारा कायदा बियाण्याविषयीचा आहे, आणि मान्यता मिळाली तर तोच माणूस एका रात्रीत विक्रेता ठरेल.