पान किती तापले? सोयाबीनचे वाण निवडताना स्वस्त थर्मल कॅमेरा काय सांगतो, काय नाही

साखरखेर्डा परिसरात खरीप म्हणजे मुख्यतः सोयाबीन आणि कापूस. सोयाबीन शेंगा भरण्याच्या अवस्थेत असताना पावसाने दोन-तीन आठवडे दडी मारली की उतारा घटतो. मग पुढच्या हंगामाआधी एकच प्रश्न: ताण सोसणारे वाण कोणते? हे तपासायचे एक साधन आता बरेच स्वस्त झाले आहे.

कॅमेरा नेमके काय पाहतो?

पानांवरच्या बारीक छिद्रांतून पाण्याची वाफ बाहेर पडते आणि पान थंड राहते, माठातले पाणी गार होते तसे. जमिनीत ओल कमी झाली की झाड ही छिद्रे मिटून घेते आणि पान तापते. पीक डोळ्यांना सुकलेले दिसण्याआधीच थर्मल कॅमेरा हा फरक टिपतो.

अशा तपासणीसाठी दिल्लीच्या पुसा संस्थेत २०१७ मध्ये नानाजी देशमुख प्लांट फिनोमिक्स सेंटर सुरू झाले. बारामतीजवळ माळेगावलाही पिकांवरील ताणाचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्था आहे. मोठ्या केंद्रांतली यंत्रणा महागडी. मोबाइलला जोडायचा छोटा थर्मल कॅमेरा मात्र काही हजारांत येतो.

अर्थात स्वस्त कॅमेऱ्याची चूक दोन-तीन अंशांची असू शकते आणि दोन वाणांतला फरकही साधारण तेवढाच. त्यामुळे आज एका शेतात, उद्या दुसऱ्या शेतात फोटो काढून तुलना होत नाही. दोन्ही वाण शेजारी-शेजारी हवेत, ऊन स्वच्छ हवे, वेळ दुपारची हवी. फोटोत उघडी, तापलेली माती आली तर आकडा आणखी बिघडतो.

थंड पान म्हणजे चांगले वाण?

खरी गोम इथेच आहे. थंड पान म्हणजे झाड अजून पाणी खर्च करत आहे. भारी काळ्या जमिनीत मुळे खोल जाऊन ओल शोधत असतील, तर ते चांगले लक्षण. हलक्या, मुरमाड जमिनीत तेच झाड थोडीशी ओल लवकर संपवते आणि शेंगा भरायच्या वेळी कोरडे पडते. तिथे पान थोडे तापू देऊन पाणी राखणारे वाण उजवे ठरू शकते.

म्हणजे एकाच फोटोचा अर्थ बांधाच्या अलीकडे एक, पलीकडे दुसरा. कॅमेरा स्वस्त झाल्याचा खरा फायदाही हाच: चाचणी केंद्राबाहेर, दोन्ही प्रकारच्या जमिनीत घेता येईल. फोटोसोबत शेवटी काट्यावरचे वजनही हवेच. बियाण्याच्या पिशवीवर ‘दुष्काळ सहनशील’ असे छापलेले दिसले, तर दुकानदाराला विचारा: चाचणी भारी जमिनीत झाली की हलक्या?