फ्रॉकचा गळा ओला का?

आमच्या वस्तीतली तीन वर्षांची एक मुलगी. दिवसभर फ्रॉकचा गळा तोंडात. संध्याकाळपर्यंत छातीवरचं कापड ओलंचिंब, कडेला भोकं. आजीने कापडाला मिरची लावून पाहिली, शेजारणीने दृष्ट काढायला सांगितलं आणि आईच्या वाट्याला नेहमीचंच वाक्य आलं, "पोरीकडे लक्ष नाही." आई सकाळी सातला चार घरची धुणीभांडी करायला निघते. लक्ष द्यायचं तरी कधी?

मिरचीला आमचा साफ विरोध आहे. डोळे चुरचुरतात, ओठ सुजतात आणि पोर मिरची नसलेलं दुसरं काही तोंडात घालतं. दृष्ट काढणं आपण सोडलं म्हणतो. लेकरू आजारी पडलं की मीठमोहरी पुन्हा हातात येते, हेही खरं.

दात येऊ लागतात तेव्हापासून साधारण दोन वर्षांपर्यंत मूल हाताला लागेल ते तोंडात घालतं. तो आजार नाही. वस्तू धुतलेली, घशात न अडकणारी असावी एवढंच. त्यानंतरही सवय राहिली तर बघायचं, नुसतं चघळतं की गिळतं? माती, भिंतीचे पोपडे, दोरे, कागद गिळणं महिनाभर चाललं असेल तर डॉक्टरकडे न्यायलाच हवं. अशा मुलांत लोहाची कमतरता पुष्कळदा सापडते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या सुमारे ६९ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला. एवढ्या सगळ्या आयांचं लक्ष नव्हतं, असं म्हणायचं का?

ही मुलगी फ्रॉकचे दोरेही गिळत होती. सरकारी दवाखान्यात रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ८.४. या वयात ते ११ च्या खाली नसावं. आणि लोहाच्या औषधाची बाटली घरातच होती, फळीवर, जवळजवळ भरलेली! पाच वर्षांखालच्या मुलांना हे औषध आठवड्यातून दोनदा १ मिली द्यायचं असतं, ते सरकारकडून फुकट मिळतं. दोन वेळा पाजल्यावर शी काळी झाली, आई घाबरली, बंद केलं. लोहाने शी काळी होतेच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण बाटली हातात देताना हे कोणी सांगितलं नाही. आमचा राग इथे आहे. रजिस्टरात बाटली वाटल्याची नोंद झाली, पोरीच्या पोटात औषध गेलं की नाही ते कोणी विचारलं नाही. रक्तक्षय निघाला तर मात्र डोस डॉक्टरच ठरवतील. मनाने वाढवू नका आणि बाटली मुलाच्या हाती लागू देऊ नका, जास्त लोह जिवावर बेततं. जंताची गोळीही चुकवू नका.

लहानग्यांचा चहा बंद करा, चहामुळे अन्नातलं लोह अंगी लागत नाही. कलेजी, सुकट, मटकीची उसळ, वर लिंबू पिळून द्या.

रक्त ठीक असूनही मूल कपडे चघळतं, तेव्हा घरात काय चाललंय ते पाहावं. नवं बाळ आलंय, रोज भांडणं होतात, की दहा बाय दहाच्या खोलीत त्याला करायला काही नाही? सोबत बोलणं उशिरा असेल, हाकेला ओ देत नसेल, तर अंगणवाडीत तपासणीला येणाऱ्या डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. जुन्या ऑईलपेंटचे पोपडे खरवडू देऊ नका, त्यात शिसं असू शकतं. खेळण्यातला गोल चपटा सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी लगेच मोठं हॉस्पिटल गाठा. तो दोन तासांत अन्ननलिका जाळू शकतो.

त्या मुलीचं औषध आता आजी पाजते, कॅलेंडरवर खूण करून. दोरे गिळणं थांबलंय. आईला यायला उशीर झाला की फ्रॉकचा गळा अजून तोंडात जातो. मग आजी भाकरीचा पापुद्रा हातात देते.