नऊ जी ते सोळा जी : विमानातील आसनाचा रेंगाळलेला इतिहास

८ जानेवारी १९८९. लंडनहून बेलफास्टला निघालेले ब्रिटिश मिडलंडचे बोईंग ७३७-४०० केगवर्थ गावाजवळ, धावपट्टीच्या थोडे अलीकडे, एम-१ महामार्गाच्या भरावावर आदळले. डाव्या इंजिनाचे पाते तुटले होते. वैमानिकांनी बंद केले ते धडधाकट उजवे. बहुतेक कथनकार येथेच थांबतात. मला मात्र या अपघाताचा अधिक महत्त्वाचा अध्याय कॉकपिटच्या मागे, प्रवासी कक्षात दिसतो.

विमानात १२६ माणसे होती, ४७ दगावली. आगीने कक्ष गिळला नव्हता. तरीही पुढच्या व मधल्या भागातील तळ खचला आणि त्यासोबत आसनेही उखडली. डोक्यावरचे सामानाचे कप्पे, एखादा अपवाद वगळता, सारे कोसळले. म्हणजे आसन कितीही भक्कम असो, ते ज्या रुळांत अडकवले आहे ते रूळ आणि त्यांखालचा तळ टिकला नाही, तर त्या भक्कमपणाचा उपयोग काय?

हा प्रश्न तेव्हाही नवा नव्हता. १९१७ मध्ये ह्यू डीहेवन हा शिकाऊ वैमानिक हवेतील टकरीतून जबर जखमी होऊन वाचला. आपल्या जखमांना पट्ट्याचे बक्कलच कारणीभूत असावे, असा त्याला संशय आला. पुढे १९४२ मध्ये उंचावरून पडूनही वाचलेल्या माणसांचा त्याने अभ्यास मांडला. त्याचे म्हणणे साधे होते : काचसामान पाठवताना आपण जशी वेष्टनाची काळजी घेतो, तशी माणसाच्या वेष्टनाचीही घ्यावी. (इतक्या सरळ विचाराला वेड्यात काढणारे तेव्हा पुष्कळ होते.)

तरी अमेरिकेत १९५२ पासून आसनाला पुढच्या दिशेने नऊ जी, म्हणजे वजनाच्या नऊपट, इतकाच स्थिर ताण सोसणे पुरेसे मानले गेले. आसन सावकाश ओढून पाहायचे. पण अपघात सावकाश होत नाही. १९८८ च्या नियमाने सोळा जीची गतिशील चाचणी आणली : आसनावर पुतळा बसवून धक्का द्यायचा, आणि त्याआधी खालचे रूळ मुद्दाम पिळायचे. तळ वाकडा होणारच, हे अखेर कागदावर मान्य झाले.

परंतु तो नियम केवळ नव्याने आराखडलेल्या विमानांना लागू होता. जुन्या आराखड्याची विमाने नऊ जीच्या आसनांनिशी कारखान्यातून बाहेर पडतच राहिली. नव्याने बांधल्या जाणाऱ्या प्रवासी विमानांवर ही सक्ती २००५ मध्ये ठरली आणि २७ ऑक्टोबर २००९ पासून अमलात आली. एकवीस वर्षे! अपघात विरळ आणि आसनबदल खर्चिक, हा कंपन्यांचा युक्तिवाद खोटा नव्हता. पण जी विमाने तीस-तीस वर्षे उडतात, त्यांच्याबाबत 'हळूहळू होईल' म्हणणे म्हणजे एका पिढीच्या प्रवाशांना वगळणे होय, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणि नियम झाला तरी देखभाल उरतेच. २०१२ च्या शरदात अमेरिकन एअरलाइन्सच्या बोईंग ७५७ विमानांत उड्डाण सुरू असतानाच आसनांच्या रांगा सुटल्या. कंपनीने डझनावारी विमाने तपासली. आसन रुळात पकडून ठेवणारी कळ झिजल्याने नीट बसत नव्हती, आणि तिच्यावर वर्षानुवर्षे सांडलेल्या सरबत-कॉफीचा चिकट थरही साचला होता.